बंद फुलाची जात

आपल्या भाषेत झाडालाही जात असते. शाळेचं पुस्तक उघडा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सात पायऱ्या, आणि सगळ्यांत खाली जात. दोन जातींचा संबंध आला की संकर. न मिसळलेलं ते शुद्ध. चांगला बैल जातिवंत. आणि जे कुणी पेरलं नाही, कुणाच्या मालकीत बसलं नाही, ते रानटी.

हे शब्द बॉटनीवाल्यांनी आभाळातून नाही आणले. संकराची जंत्री मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. कुठल्या बापाचं कुठल्या आईला झालेलं पोर कुठल्या खणात टाकायचं, याचा पक्का हिशोब. ब्राह्मण बाईला शूद्रापासून झालेलं पोर चांडाळ. झाडांचं शास्त्र मराठीत आणायची वेळ आली तेव्हा पंडितांना हाताशी हीच भाषा सापडली. उलटीकडूनही तेच. इंग्रजांचा कास्ट हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कास्ता’वरून आला. कास्ता म्हणजे वाण, बीज, पैदास. पोर्तुगालात आजही द्राक्षाच्या वाणाला कास्ता म्हणतात. आपल्याकडे येऊन त्यांनी माणसांची वाटणी पाहिली आणि बेण्याचा शब्द तिला डकवला.

म्हणून म्हणतो, झाडांच्या जाती कोण पाडतो, कशावरून पाडतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत कोंडून ठेवण्यासारखा नाही. तो आपलाही आहे.

मी बॉटनी घेऊन बीएस्सी केलं. वर्गीकरण शिकवताना एक सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले होते, “निसर्गातच जाती आहेत, मग माणसातल्या जातींवर एवढी ओरड कशाला?” पुढचे बाक हसले. मागच्या बाकांवर आम्ही तिघं-चौघं होतो, ते नाही हसलो. सर वाईट नव्हते. त्यांना वाटलं आपण शास्त्र बोललो. असं शास्त्र तुम्हालाही ऐकवतील. कॉलेजात, ऑफिसात, लोकलच्या डब्यात. तेव्हा गप्प बसायचं नसेल तर शास्त्रच नीट वाचलं पाहिजे. आणि शास्त्रात याचं चोख उत्तर आहे. ते दिलंय चार बोटांच्या एका रोपट्यानं.

त्याचं नाव ड्राबा व्हर्ना. आपल्याकडचं नाही, युरोपातलं. मोहरीच्या कुळातलं. जमिनीला चिकटलेला पानांचा गोल, मधून काडीसारखे दांडे, टोकाला बारीक पांढरी फुलं. पाकळ्या चार, पण प्रत्येक पाकळी मधोमध चिरलेली, म्हणून वाटतात आठ. जुन्या भिंतीवर, वाळूत, रुळांच्या खडीत, जिथे दुसरं काही तगत नाही तिथे उगवतं. थंडी सरता सरता फुलतं, उन्हाळा लागायच्या आत बी सांडून मरतं. त्यानं नखुर्डं बरं होतं असा समज होता, म्हणून इंग्रजीत त्याला नखुर्ड्याचं गवत म्हणतात. गवत नसूनही. पायाखाली आलं तर दिसणार नाही असलं हे झाड.

लिनिअसनं १७५३ साली झाडांची मोठी वही लिहिली. तीत या रोपट्याला एक नाव, एक जात. विषय संपला.

शंभर वर्षांनी फ्रान्सात लियाँ शहरात अलेक्सी झोर्दां नावाचा माणूस उभा राहिला. जन्म १८१४, मृत्यू १८९७. व्यापारी घराणं, पैशाची ददात नाही, पक्का कॅथलिक. लियाँच्या कडेला विलरबानला त्यानं स्वतःची बाग केली आणि जन्म तिच्यात घातला. ड्राबा व्हर्नाची झाडं ठिकठिकाणाहून आणली, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवलं, वेगळं पेरलं. पुन्हा त्याचं बी, पुन्हा पेरणी. वर्षानुवर्षं. आणि बघतो तर काय, एकाची शेंग गोल, दुसऱ्याची लांबट, तिसऱ्याचं पान केसाळ, चौथ्याचं जवळजवळ गुळगुळीत, कुणाचा केस सरळ, कुणाचा फाटे फुटलेला. पोरं तंतोतंत आईसारखी. नातवंडं तशीच. एकाच मातीत, एकाच पाण्यावर. असे न बदलणारे प्रकार मोजता मोजता दोनशेच्या आसपास गेले.

झोर्दां म्हणाला, या दोनशे जाती आहेत. लिनिअसनं आंधळेपणानं एकीत कोंबल्या. १८७३ साली लियाँच्या विज्ञान परिषदेत त्यानं मांडलं की या जाती रानात शेजारी शेजारी उभ्या असतात, तरी एकमेकींत मिसळत नाहीत. न मिसळणं हाच त्याचा पुरावा. मग या आल्या कुठून? देवानं केल्या. आरंभापासून वेगळ्या केल्या, अंतापर्यंत वेगळ्या राहणार.

ओळखीचं वाटतं ना हे वाक्य?

समोरची पार्टी त्याच्यावर हसली. त्या काळात बॉटनीवाल्यांत दोन तट होते. डार्विनच्या पत्रात त्यांना नावंही सापडतात: एक केस चिरणारे, दुसरे गोळा करणारे. १८५९ च्या पुस्तकात डार्विननं हिशोबच दिला. इंग्लंडमधल्या सगळ्यांत बहुरूपी वंशांत बॅबिंग्टन २५१ जाती मोजतो आणि बेंथम ११२. देश तोच, झाडं तीच, दोघंही नावाजलेले. फरक १३९ चा! डार्विनला यातून एवढंच दाखवायचं होतं की जात आणि प्रकार यांच्यात देवानं आखलेली रेघ नाही. असती तर ती दोघांनाही एकाच जागी दिसली असती.

गोळा करणारे म्हणत, झोर्दांचे भेद किरकोळ आहेत, माती-पाण्यानं होतात, दुर्लक्ष करा. पण असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी बी पेरून बघितलं नव्हतं. स्ट्रासबुर्गला आन्टोन द बारीनं पेरलं. त्याच्यामागे फेलिक्स रोझेननं १८८९ साली लिहिलं. झोर्दां जे सांगत होता ते खरं निघालं. प्रकार खरोखर वेगळे होते, खरोखर टिकत होते.

दोस्तांनो, इथे थांबा. कारण इथेच आपली फसगत करतात. भेद खरा आहे हे एकदा सिद्ध झालं की लगेच पुढचं वाक्य सरकवून देतात: भेद खरा, म्हणून देवाचा. भेद टिकाऊ, म्हणून निसर्गाचा. भेद खरा आहे का, हा एक प्रश्न. तो टिकला कशानं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या पाकिटात घालून देणं ही जुनी भटी युक्ती आहे. फ्रान्सातही चालत होती.

मग टिकला कशानं? फुलात बघा.

ड्राबा व्हर्नाचं फूल बहुतेक वेळा उमलायच्या आतच कामाला लागतं. कळी मिटलेली असतानाच स्वतःचा पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडतो. बाहेरच्या परागाला दार बंद. माशी येईपर्यंत आतलं लग्न लागलेलं असतं. बाप तोच, आई तीच. अशा कारभारात पोरं आईसारखी निघणार नाहीत तर कुणासारखी निघतील?

याचं गणित आहे. झाडाला प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. जिथे त्या दोन प्रतींत फरक असतो, तो स्वतःशीच लग्न लावलं की दर पिढीला सरासरीनं अर्धा होतो. पिढी वर्षाची. दहा वर्षांत हजारातला एक उरतो. मग ते झाड शिक्का मारल्यासारखं तेच ते जन्माला घालतं. डेन्मार्कच्या योहान्सननं १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं. आपल्याच परागावर वाढणाऱ्या घेवड्याच्या शुद्ध ओळी पडतात, आणि ओळीच्या आत कितीही निवड केली तरी काही बदलत नाही. म्हणजे शुद्धता हा काही वरचा गुण नव्हे. पर्यायच उरला नाही, एवढाच तिचा अर्थ.

नंतर विंगे नावाच्या दुसऱ्या डॅनिश माणसानं पेशी उघडून बघितल्या. १९४० साली त्यानं लिहिलं की या एका रोपट्यात गुणसूत्रांचा आकडा १४ पासून ६४ पर्यंत जातो. मधले टप्पे कितीतरी. हे आकडे सांगतात की कधीकाळी दारं उघडली होती, परक्या ओळी एकमेकींत गेल्या होत्या, आकडे दुप्पट झाले होते, आणि मग पुन्हा कळ्या मिटल्या. झोर्दांला देवानं घडवलेल्या वाटल्या त्या जातींच्या पोटात संकराचाच इतिहास होता! विंगेनं दोनशेच्या चार केल्या. ब्रिटनमध्ये नंतर गुणसूत्रं मोजून तीन ठरवल्या, आणि त्यांतल्या दोघींना नावं मात्र झोर्दांचीच ठेवली. उत्तर अमेरिकेच्या २०१० सालच्या वनस्पतिकोशात पुन्हा एकच.

एक, दोनशे, चार, तीन, एक. भिंतीवरचं रोपटं या सगळ्या काळात आपलं उगवतंय आणि मरतंय. त्याचं काही बिघडलं नाही. कोणत्याही नावानं हाक मारली तरी त्याला त्याच्या वाटणीचं पाणी मिळालंच. झाडांच्या यादीत आणि माणसांच्या यादीत हा पहिला फरक लक्षात ठेवा.

आता १९१६ साल घ्या. त्या साली लोत्सी नावाच्या डच माणसानं या भांडणाला दोन शब्द दिले. लिनिअसची मोठी जात ती लिनिऑन. झोर्दांची बारीक, बंद, न बदलणारी ओळ ती जॉर्डनॉन. त्याच साली त्यानं पुस्तक लिहून सांगितलं की नवं काही जन्मतं ते संकरातून. आणि त्याच साली, ९ मे रोजी, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतला एक विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात निबंध वाचत होता. विषय, भारतातल्या जाती. भीमराव आंबेडकर. रंग, रक्त, धंदा, देव ही तोवर दिलेली सगळी कारणं त्यांनी बाजूला सारली आणि बोट एका ठिकाणी ठेवलं: लग्न आतल्या आत. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग.

लोत्सीनं बाबासाहेबांना वाचलं नव्हतं, बाबासाहेब नखुर्ड्याच्या गवतावर बोलत नव्हते. पण दोन टोकांहून दोघं एकाच कडीपाशी आले. जे वेगळं टिकतं ते बंद ठेवल्यामुळे टिकतं.

बाबासाहेब आणखी पुढे गेले, आणि इथे झाड मागे पडतं. रोपट्याची कळी आपोआप मिटते. माणसाची कळी आपोआप मिटत नाही. माणूस प्रेम करतो, पळून जातो, शेजारच्या वस्तीत बघतो. म्हणून मिटवणारे हात लागतात. बंद जातीत एक बाई किंवा एक पुरुष जास्त उरला की दार किलकिलं होण्याचा धोका. मग विधवेला जाळा, नाहीतर जन्मभर कोंडा, आणि पोरीचं लग्न पाळण्यात लावा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या वेगळ्या रूढी नाहीत, जातीच्या दाराच्या त्या कड्या आहेत, असं त्या निबंधाचं म्हणणं. कडीची किंमत बाईच्या देहातून वसूल झाली. आजही पोरगी खालच्या जातीतल्या पोराबरोबर गेली की भाऊ कोयता काढतो. हे बॉटनी नाही. हा पहारा आहे.

तेव्हा सरांच्या वाक्याचा निकाल लागला. निसर्गात जाती आहेत, मान्य. त्या कळी मिटल्यानं टिकतात. तुमच्या जाती कोयत्यानं टिकतात. आणि एवढं करूनही तुमचं बी शुद्ध नाही. हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी भारतातल्या लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सगळीकडे मिसळामिसळ झाली होती, वरच्यांत, खालच्यांत, जंगलातल्यांत. दारं लागली ती त्यानंतर. चांडाळाची जंत्री करणारे स्वतः त्याच संकराची लेकरं आहेत.

फरक आणखी एक. झोर्दांच्या दोनशे जातींत एकही वरची नव्हती आणि एकही खालची नव्हती. गोल शेंगवालीनं लांबट शेंगवालीची भिंत बाटवली असं तो कधी म्हणाला नाही. ती यादी होती. आपल्याकडे आहे ती उतरंड. झाडांची यादी करणारे माणसांकडे वळले की हात बदलतात. त्याच लिनिअसनं १७५८ साली माणसांचे चार प्रकार पाडले. एकाच जातीचे चार प्रकार, हं. माणूस एक आहे हे त्याला मान्य होतं. पण वर्णन बघा: युरोपातला विधींनी चालतो, आशियातला मतांवर, अमेरिकेतला रूढीनं, आफ्रिकेतला लहरीवर. पानाचे केस मोजणाऱ्यानं इथे काय मोजलं होतं? काही नाही. आपल्याकडेही सगळे एकाच पुरुषाच्या अंगातून आले म्हणतात. एकच अंग. फक्त कुणी तोंडातून, कुणी पायातून.

रिस्ली साहेबानं तर नाक मोजलं. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, हा त्याचा सिद्धांत. १९०१ च्या जनगणनेत त्यानं जाती सामाजिक पायरीनं लावायला सांगितल्या. पायरी कुणाला विचारून? ज्यांच्याकडे पायरी होती त्यांनाच. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य कोण याचा शोध घेताना हीच नाकाची मापं हातात घेतली आणि उलटवली: तुमच्याच फूटपट्टीनं ब्राह्मण आणि अस्पृश्य एका वंशाचे ठरतात. फूटपट्टी फेकून न देता, ती वापरून मारलेला तडाखा. हे शिकण्यासारखं आहे.

कारण आपल्यातले काही तरुण म्हणतात, सगळं वर्गीकरणच बामणी कावा आहे, जाळून टाका. मला हे पटत नाही. झोर्दां अर्थ लावण्यात चुकला, पण तो पेरत होता म्हणूनच पुढचे लोक कळीपर्यंत पोचले. हसणारे कुठेच पोचले नाहीत. आपल्याकडेही हे हसणारे आहेत. मोठ्या शहरात राहतात, चांगलं बोलतात. “आम्ही बाई जात मानतच नाही. तुम्हीच सारखी जात काढता.” सगळे एक, गोळा करा, विषय संपवा. यांच्या घरची लग्नपत्रिका बघा. २०११-१२ च्या इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेत जातीबाहेरची लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. पंचाण्णव कळ्या मिटलेल्या, आणि वर म्हणे भेद कुठाय?

केस चिरणारा म्हणतो, भेद देवाचा. गोळा करणारा म्हणतो, भेदच नाही. पहिला दार लावून घेतो आणि दुसरा दार दिसतच नाही म्हणतो. आत कोंडलेल्याला दोघांचा उपयोग सारखाच.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात मोजणार. सगळ्या जातींची मोजणी छापली गेली ती १९३१ ची, त्यानंतर नाही. मी मोजणीच्या बाजूचा आहे. जे मोजलं जात नाही ते नाकारता येतं. पण नुसती नावं मोजून काय होणार? नावांची यादी म्हणजे झोर्दांची बाग. दोनशेच्या जागी हजारो नावं लिहाल आणि प्रत्येक नाव कायमचं खिळ्यानं ठोकून ठेवाल. झाडाच्या बाबतीत खरं ज्ञान सुरू झालं ते ‘हे वेगळं कसं दिसतं’ हा प्रश्न सोडून ‘हे वेगळं राहतं कसं’ असं विचारल्यावर. मोजणाऱ्यांनी तेच विचारावं. कुणाच्या नावावर किती जमीन. कुणाच्या गटारात कोण उतरतं. कुठल्या वस्तीत भाड्यानं घर कुणाला नाकारतात. लग्न कुठे लागलं आणि ते मोडायला कोण आलं. शेंगेचा आकार लिहून घेतलात, आता कळी कोण मिटवतं तेही लिहा.

आणि आपण? आपल्यालाही हेच लागू. आपल्या वस्त्यांतही पोटजातीच्या कळ्या मिटलेल्या आहेत. मोर्चात एक, मांडवात वेगळे. मातंगाच्या पोराला बौद्धाची पोरगी देताना बापाचा आवाज का बसतो? चर्मकाराच्या घरात सून कुठून येते? हे प्रश्न शत्रूनं विचारायच्या आधी आपण आपल्या घरात विचारू. शुद्ध ओळीला नवं काही सुचत नाही, हे योहान्सनच्या घेवड्यानं कधीच सांगून ठेवलंय.

रानटी म्हणतात ना आपल्याला? ठीक आहे. रानात वाढणाऱ्याला कुणाच्या वाफ्याची मेहेरबानी लागत नाही. फक्त कळी उघडी ठेवा, आणि ती मिटवायला येणारा हात धरा.

जय भीम.